पाहुणा ओळखायचा कसा?

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं ९४वं अधिवेशन ३ ते ५ डिसेंबर २०२१ या काळात नाशिकला, आडगावच्या भुजबळ नॉलेज सिटीत भरलं. ते आधी मार्चमध्ये व्हायचं होतं. करोनामुळे पुढे गेलं. संमेलनाच्या जागेला कुसुमाग्रजांचं नाव दिलं होतं आणि अध्यक्षपदी होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. प्रकृतीच्या कारणाने त्यांना नाशिकला येता आलं नाही, पण त्यांचं अध्यक्षीय भाषण आलं आणि त्यात विज्ञानसाहित्याची बाजू होती. कवी, कादंबरीकार, नाटककार आणि समीक्षक यांनी भूषवलेल्या या पदावर विश्वरचनाशास्त्रात आयुष्य घालवलेला, परग्रहवासीयांच्या कथा लिहिणारा शास्त्रज्ञ प्रथमच निवडला गेला.

या निवडीचं मोल नुसत्या मानसन्मानात नाही. विज्ञानकथा म्हणजे मुलांच्या सुट्टीतलं वाचन, फार तर दिवाळी अंकातला एखादा चवीपुरता पदार्थ, असा समज मराठीत बरीच वर्षं होता. 'माणूस म्हणजे काय, त्याची धाव कुठवर' हा प्रश्न कवितेने आणि कादंबरीने विचारायचा, विज्ञानकथेने यंत्रं आणि यानं दाखवायची, अशी कामाची वाटणी जणू ठरून गेली होती. नाशिकच्या निवडीने ती वाटणी मोडीत काढली. परग्रहावरच्या जीवाची कथा हीसुद्धा माणसाचीच कथा असते, हे साहित्याच्या मुख्य मांडवात मान्य झालं.

परग्रहवासीयांच्या कथा आपल्याला काय शिकवतात, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. परग्रहवासीयांविषयी त्या फारसं काही शिकवू शकत नाहीत, कारण पृथ्वीबाहेर जीव असल्याचा एकही पक्का पुरावा आजवर हाती आलेला नाही. त्या आपल्याला आपल्या मर्यादा दाखवतात: आपली समज कुठे थांबते, आपला आवाज कुठवर पोहोचतो, पुरावा कशाला म्हणायचं आणि आपणच घडवलेल्या गोष्टींवर आपला ताबा किती. या मर्यादा ज्याला नीट ठाऊक आहेत, तोच त्या ओलांडण्याची वाट शोधू शकतो.

जगताप नावाचा लेखक

मराठीला अवकाशाची ओढ जुनी आहे. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची गोष्ट विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच 'केरळ कोकिळ' मासिकातून मराठीत आली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घराघरांत नेला. पण ही गंगा बाहेरून आलेली होती. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि तिने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली, तेव्हा इथल्या मातीतून कथा उगवायला जागा मिळाली.

१९७४च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला की असा कोणी लेखकच नाही. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी करून हे नाव तयार केलं होतं. नारळीकर त्या वेळी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६४ मध्ये मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे त्यांचं नाव देशभर झालं होतं. आपल्या नावाकडे पाहून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये, म्हणून त्यांनी ही खबरदारी घेतली. अक्षर ओळखीचं निघू नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांनी आपल्या हाताने लिहून काढली. त्या स्वतः गणितज्ञ होत्या.

या घटनेकडे थोडं थांबून पाहायला हवं. लिहिणाऱ्याचं नाव झाकून मजकूर जोखायचा, ही शास्त्रीय चाचणीची रीत आहे. औषधाची परीक्षा घेतानाही कोणाला खरी गोळी दिली आणि कोणाला खोटी, हे तपासणाऱ्यापासून लपवतात. नारळीकरांनी साहित्याच्या अंगणात पाऊल टाकलं तेच ही शिस्त बरोबर घेऊन. पुढे दुर्गाबाई भागवतांनी १९७५च्या कराड संमेलनाच्या अध्यक्षपदावरून या नव्या कथेची दखल घेतली आणि 'किर्लोस्कर' मासिकाच्या मुकुंदराव किर्लोस्करांनी नारळीकरांकडून आणखी कथा मागवल्या. 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला, मग 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस', 'अभयारण्य' या कादंबऱ्या आल्या. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी आपापल्या वाटेने हे दालन मोठं केलं.

'कृष्णविवर' लिहिली गेली तेव्हा कृष्णविवर ही बहुतेकांच्या लेखी कागदावरची गोष्ट होती. हंस तारकासमूहातला क्ष-किरणांचा एक उगम कृष्णविवर असावा, अशी दाट शंका होती, एवढंच. कृष्णविवराच्या सावलीचं पहिलं चित्र जगाने १० एप्रिल २०१९ रोजी पाहिलं. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार अशा प्रचंड गुरुत्वाच्या जवळ काळ मंद चालतो. तिथे काही तास काढून परतलेल्या प्रवाशाला घरी कित्येक वर्षं उलटलेली दिसतील. हा कल्पनेचा खेळ नाही, गणिताचा निष्कर्ष आहे. पण त्या प्रवाशाची बायको, मुलं, त्याचं गाव यांचं काय होईल, हे कोणतंही समीकरण सांगत नाही. ते सांगायला कथा लागते.

विचार करणारा ढग

नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल हेही मोठे खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार. 'द ब्लॅक क्लाउड' ही त्यांची कादंबरी १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. परग्रहवासी म्हटलं की मोठे डोळे आणि हिरवी कातडी असलेलं माणसाचंच रूप बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं. हॉइल यांनी हे रूप मुळातच नाकारलं.

आकाशाच्या एका भागातले तारे दिसेनासे होतात. वायूचा एक अवाढव्य काळा ढग सूर्याच्या दिशेने येतोय, हे खगोलशास्त्रज्ञांच्या लक्षात येतं. ढग सूर्यापाशी येऊन थांबतो, सूर्यप्रकाश अडतो, पृथ्वीवर हाहाकार उडतो. शास्त्रज्ञ त्याच्या हालचालींचं गणित मांडतात आणि गणित जुळत नाही. निर्जीव ढग असा वागणार नाही. शेवटी एकच शक्यता उरते: हा ढग जिवंत आहे आणि विचार करणारा आहे. रेडिओवरून त्याच्याशी संवाद जमतो, तेव्हा आश्चर्य ढगालाच वाटतं. एखाद्या ग्रहाच्या घट्ट पृष्ठभागावर बुद्धी जन्माला येऊ शकते, यावर त्याचा विश्वासच नसतो. तिथे गुरुत्वाकर्षणामुळे शरीर आणि मेंदू एका मापापलीकडे वाढू शकत नाहीत, मग विचार कसला करणार, असा त्याचा सवाल असतो. आपल्याला जी जागा जीवसृष्टीची आदर्श जागा वाटते, ती त्याच्या लेखी अडचणीची खोली असते.

कादंबरीचा गाभा पुढे आहे. ढगाकडे असलेलं ज्ञान थेट आपल्या मेंदूत उतरवून घ्यायला दोन शास्त्रज्ञ पुढे होतात आणि दोघेही मरतात. तांब्यात गोदावरी ओतायला जावं तसं ते होतं. जुन्या समजुतींनी भरलेल्या मेंदूत इतकं नवं ज्ञान एकदम मावत नाही. दुसरीकडे सरकारं आपल्या सवयीप्रमाणे ढगावर हायड्रोजन बॉम्ब सोडतात. जे समजत नाही त्याच्यापुढे माणूस दोनच गोष्टी करतो, शरण जातो किंवा हल्ला करतो, हे हॉइल यांनी नेमकं दाखवलं. आणि ढग सर्वज्ञ आहे का? तोही नाही. दूरवरच्या एका ढगाने एका गहन प्रश्नाचं उत्तर सापडल्याचं कळवलेलं असतं आणि मग तो एकाएकी गप्प झालेला असतो. त्याचं काय झालं हे पाहायला हा ढग निघून जातो. आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या बुद्धीलाही कुंपण आहे, असा त्याचा अर्थ.

पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांनी १९६१च्या 'सोलारिस' या कादंबरीत हाच विचार आणखी टोकाला नेला. तिथे संपूर्ण ग्रह व्यापणारा एक महासागर जिवंत आहे. माणसं पिढ्यानपिढ्या त्याचा अभ्यास करतात, ग्रंथालयं भरतात आणि त्याला समजून मात्र घेऊ शकत नाहीत. हॉइलचा ढग निदान बोलतो. लेमचा सागर बोलतही नाही. पाहुणा दारात उभा आहे आणि तो पाहुणा आहे हेच आपल्याला कळलं नाही, अशी वेळ येऊ शकते.

आवाजाचा पल्ला

समजण्याआधी भेट व्हायला हवी आणि भेटीच्या आड अंतर येतं. 'व्हॉयेजर १' हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटलं. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या वेगाने ते अजून चाललं आहे आणि माणसाने बनवलेली दुसरी कोणतीही वस्तू त्याच्याइतकी दूर गेलेली नाही. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर त्याच्या दिशेने जात नाही. जात असतं तरी या वेगाने तिथे पोहोचायला सुमारे ७५ हजार वर्षं लागली असती.

या यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक ध्वनिमुद्रिका आहे. तिच्यावर पृथ्वीवरच्या ५५ भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यांत मराठी आहे. पृथ्वीवरचे लोक तुम्हाला शुभेच्छा पाठवत आहेत, अशा आशयाची ती काही वाक्यं आहेत. त्याच मुद्रिकेवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. गोव्यातल्या केरी गावात १८९२ मध्ये जन्मलेल्या केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ रोजी गेल्या. व्हॉयेजर १ सुटून तेव्हा जेमतेम अकरा दिवस झाले होते. त्यांचा गळा आता सूर्यमालेच्या वेशीबाहेर पोहोचला आहे.

पण ही मुद्रिका ऐकायला कान लागतात आणि ध्वनी वाहून न्यायला हवा लागते. हॉइलच्या ढगाला किंवा लेमच्या सागराला केसरबाईंच्या मींडेतली आर्तता कशी कळणार? आपण पाठवलेल्या निरोपात आपल्या शरीराची सगळी गृहीतकं भरलेली असतात. हे ठाऊक असूनही निरोप पाठवला गेला, यात मला माणसाचं मोठेपण दिसतं.

रेडिओ संदेश यानापेक्षा वेगाने जातो, पण त्यालाही प्रकाशाच्या वेगाचं बंधन आहे. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी प्वेर्तो रिकोमधल्या अरेसिबो दुर्बिणीतून एम-१३ या तारकागुच्छाच्या दिशेने १६७९ अंकांचा एक संदेश पाठवला गेला. तो तारकागुच्छ सुमारे २५ हजार प्रकाशवर्षांवर आहे. कोणी तो ऐकला आणि लगेच उत्तर धाडलं, तरी ते यायला आणखी तेवढाच काळ. प्रश्न विचारणारी आणि उत्तर ऐकणारी संस्कृती एकच असेल, याची हमी कोण देणार? फ्रँक ड्रेक यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या प्रसिद्ध समीकरणातला शेवटचा घटक हाच आहे: संदेश पाठवण्याची क्षमता आलेली संस्कृती टिकते किती वर्षं? बाकीचे घटक मुख्यतः खगोलशास्त्राचे आणि जीवशास्त्राचे आहेत. हा घटक शहाणपणाचा आहे.

नाशिककरांना या विषयाचा एक धागा अगदी जवळ सापडेल. नाशिकहून पुण्याला जाताना वाटेत नारायणगाव लागतं. तिथून आत, जुन्नर तालुक्यातल्या खोडद परिसरात, जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मधल्या भागात दाटीने आणि बाकीच्या तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. परग्रहवासीयांना शोधणं हे तिचं मुख्य काम नाही. ती आकाशगंगा, स्पंदक तारे आणि हायड्रोजन वायू यांचा मंद आवाज टिपते. पण तिचा कान किती तिखट आहे, हे १९ ऑक्टोबर २०१६ रोजी दिसलं. युरोपचं 'शियापरेली' यान मंगळावर उतरत असताना त्याचा अत्यंत क्षीण संकेत खोडदच्या तबकड्यांनी पकडला. यान आदळून नष्ट झालं, पण त्याच्या उतरण्याची नोंद इथे राहिली.

अशा कानाला भोवती शांतता लागते. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेमार्गाची आखणी नारायणगाव भागातून होती आणि विजेच्या गाड्यांच्या गोंगाटामुळे दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल, या कारणावरून ती अडली. नाशिकच्या द्राक्ष-कांदा उत्पादकांना, उद्योगांना आणि रोजच्या प्रवाशांना तो मार्ग हवा आहे, ही गरज खोटी नाही. विश्वाचा आवाज ऐकायचा तर आपला आवाज कुठेतरी आवरावा लागतो, हेही खोटं नाही. माणसाची ही मर्यादा पुस्तकातली नाही, आपल्या रस्त्यावरची आहे.

एकेचाळीस किलोमीटर उंचीवर

आता पुराव्याकडे येऊ. हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचं मत होतं की पृथ्वीवरचं जीवन बाहेरून, धूमकेतूंबरोबर आलं. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नव्हतं. ते तपासून पाहायचं कसं, याचा मार्ग नारळीकरांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर आखला. पृथ्वीच्या वातावरणात खूप उंचावरची हवा गोळा करायची आणि तिच्यात सूक्ष्मजीव आहेत का, ते पाहायचं. जमिनीलगतची धूळ आणि जंतू सहसा तेवढ्या उंचीवर पोहोचत नाहीत, त्यामुळे तिथे जीव सापडले तर ते वरून खाली येत असण्याची शक्यता विचारात घेता येते.

२१ जानेवारी २००१ रोजी हैदराबादच्या टाटा संस्थेच्या बलून केंद्रातून पहिला फुगा सोडला गेला आणि ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा झाली. एप्रिल २००५ मध्ये इस्रोच्या पाठबळावर दुसरं उड्डाण झालं. या वेळचा फुगा २ कोटी ६७ लाख घनफूट आकाराचा होता. त्याखाली ४५९ किलो वजनाची उपकरणं, त्यांत पोलादाच्या सोळा निर्वात आणि निर्जंतुक नळ्या. या नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. निऑन इतका थंड की नळीचं तोंड उघडताच बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठते. २० ते ४१ किलोमीटर या पट्ट्यात वेगवेगळ्या उंचीवर नळ्या उघडल्या आणि बंद केल्या गेल्या. मग सगळा संच हवाई छत्रीने खाली आणला. जमिनीवरचा एकही जंतू आत शिरू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली होती. नमुन्यांची तपासणी हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस या दोन संस्थांनी स्वतंत्रपणे केली.

मार्च २००९ मध्ये निकाल जाहीर झाला. जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. त्यांपैकी तीन जिवाणू विज्ञानाला पूर्णपणे नवे होते. त्यांना नावं दिली गेली: हॉइल यांच्या स्मरणार्थ 'जॅनिबॅक्टर हॉयलाय', इस्रोवरून 'बॅसिलस इस्रोनेन्सिस' आणि आर्यभटावरून 'बॅसिलस आर्यभट'. आपल्या जवळच्या नातलग जिवाणूंपेक्षा हे तिघेही अतिनील किरणांना अधिक दाद न देणारे निघाले.

इथे शास्त्रज्ञाच्या सचोटीचा कस लागतो. गुरूचं आयुष्यभराचं म्हणणं खरं ठरवण्याची संधी समोर होती. परग्रहावरचे जीव सापडले, असं म्हटलं असतं तर जगभरच्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं असतं. जाहीर निवेदनात मात्र स्पष्ट लिहिलं गेलं की हे जीव पृथ्वीबाहेरून आल्याचं या प्रयोगाने निर्णायकपणे सिद्ध होत नाही. काम पुढे चालू ठेवायला उत्तेजन मिळतं, इतकंच. ज्वालामुखीसारख्या कारणाने पृथ्वीवरचेच जीव तेवढ्या उंचीवर गेले असतील, ही शक्यता बाद झालेली नव्हती.

हीच कसोटी नारळीकरांनी कुंडलीलाही लावली. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांच्या सहकार्याने हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा करून त्या ज्योतिष्यांना दिल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायचं होतं. उत्तर पाठवणाऱ्या २७ ज्योतिष्यांचं यश सरासरी ४६ टक्के आलं. नाणं उडवून निर्णय केला असता तरी एवढं यश मिळालं असतं. आपल्याला आवडणारी कल्पना असो की न आवडणारी, माप एकच लावायचं. २०२५ मध्ये के२-१८बी या १२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाच्या वातावरणात जीवनाशी जोडलेल्या वायूच्या खुणा दिसल्याचं निक्कू मधुसूदन यांच्या केंब्रिजच्या गटाने सांगितलं, तेव्हा इतर गटांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून शंका उपस्थित केल्या. वर्तमानपत्रांना हा वाद वाटला. विज्ञानात हा रोजचा रिवाज आहे.

वामनाचं पाऊल

चौथी मर्यादा आपल्या स्वतःच्या घरातली. 'वामन परत न आला' या कादंबरीत परग्रहवासी येत नाही. जमिनीत खोल खणताना एक प्राचीन पेटी हाती लागते. पूर्वी कधीतरी नांदून गेलेल्या, आपल्यापेक्षा पुढारलेल्या संस्कृतीने आपलं ज्ञान त्या पेटीत ठेवलेलं असतं. त्या ज्ञानातून एक अतिबुद्धिमान यंत्रमानव तयार होतो, त्याचं नाव वामन. तो माणसाची कामं करतो, माणसापेक्षा सरस विचार करतो आणि मग त्याला स्वतःसारखे आणखी वामन घडवण्याची क्षमता हवी असते. ती प्राचीन संस्कृती कशाने लयाला गेली, याचं उत्तर त्यातच दडलेलं असतं.

बळीच्या दारात आलेल्या बटूची कथा मराठी माणसाला बाळपणापासून ठाऊक असते. मागणं लहान दिसतं, पावलं त्रिभुवन व्यापतात. नारळीकरांनी ही कथा यंत्रयुगात आणली. स्वतः शिकणाऱ्या, स्वतः लिहिणाऱ्या संगणकप्रणाली आज आपल्या खिशातल्या फोनवर आहेत. ती कादंबरी लिहिली गेली तेव्हा यातलं काही नव्हतं. परका जीव आकाशातूनच येईल असं नाही, तो आपल्या हातूनही घडू शकतो, हा इशारा तिने वेळेआधी दिला. ड्रेकच्या समीकरणातल्या त्या शेवटच्या घटकाशी, संस्कृती टिकते किती काळ या प्रश्नाशी, हा इशारा थेट जोडलेला आहे.

सिंहस्थाचा गुरू

नाशिकला आकाशाशी नातं जोडायला कोणी शिकवावं लागत नाही. गुरू सिंह राशीत आला की गोदाकाठी आणि त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ कुंभमेळा भरतो. गुरूला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला ११.८६ वर्षं लागतात. मेळा साधारण बारा वर्षांनी येतो, त्याचं कारण हेच. २०१५ मध्ये तो झाला, पुढचा २०२७ मध्ये आहे. लाखो माणसांचा प्रवास, महापालिकेचं अंदाजपत्रक, घाटांची बांधकामं, गावच्या बाजारपेठेचं गणित, सगळं एका ग्रहाच्या चालीवर बेतलेलं असं हे शहर आहे.

त्याच गुरूला युरोपा नावाचा एक चंद्र आहे. गॅलिलिओने तो १६१० मध्ये दुर्बिणीतून पाहिला. बर्फाच्या जाड कवचाखाली त्याच्यावर खारट पाण्याचा महासागर असावा आणि त्यात पृथ्वीवरच्या सर्व समुद्रांपेक्षा अधिक पाणी असावं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. गुरूच्या ओढीने युरोपा सतत पिळला जातो, त्या घर्षणातून उष्णता निर्माण होते आणि पाणी गोठत नाही. सूर्यप्रकाश जिथे पोहोचत नाही अशा सागरात जीव असू शकतील का? 'युरोपा क्लिपर' हे यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालं आहे आणि एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचणार आहे. ते युरोपावर उतरणार नाही, जीवही शोधणार नाही. जीव राहू शकेल अशी परिस्थिती तिथे आहे का, एवढंच ते जवळून पाहणार आहे. एवढं मर्यादित उद्दिष्ट ठरवायलाही धैर्य लागतं.

याच शहराच्या कुसुमाग्रजांनी मराठी कवितेला आकाशाचं माप दिलं. १९४२च्या 'विशाखा' संग्रहात 'पृथ्वीचे प्रेमगीत' आणि 'कोलंबसचे गर्वगीत' या दोन कविता आहेत. एकीत पृथ्वी सूर्याभोवती फिरत त्याच्यासाठी झुरते आणि इतर ग्रहताऱ्यांची मनधरणी नाकारते. दुसरीत वादळात सापडलेला खलाशी समुद्रालाच आव्हान देतो. पहिलीतली पृथ्वी आपलं अंतर ओळखते. दुसरीतला माणूस आपली जिद्द ओळखतो. अवकाशाविषयी लिहिणाऱ्या कोणालाही या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. नुसती जिद्द असली तर कथा फुशारकीची होते आणि नुसतं अंतर दिसलं तर ती हताश होते. नारळीकरांची कथा या दोहोंमधून वाट काढते. त्यांचा माणूस विश्वापुढे लहान आहे, पण प्रश्न विचारणं सोडत नाही.

डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्यांनी सुरू केलेलं काम आता दोन ठिकाणी पुढे न्यायचं आहे. पहिलं ठिकाण लेखकाचं टेबल. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानरंजन कथा स्पर्धा नव्या लेखकांना खुली आहे. शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी, शेतात हवामानाशी रोज झुंजणाऱ्यांनी, ओझरच्या विमान कारखान्यात काम करणाऱ्यांनी त्यात उतरावं. विज्ञान अचूक ठेवा आणि माणूस खरा ठेवा, एवढी अट पाळली तर परग्रहावरची कथाही नाशिकची होऊ शकते.

दुसरं ठिकाण वाचकाचं घर. येत्या काही वर्षांत 'परग्रहावर जीव सापडला' अशी बातमी एकदा नव्हे, अनेकदा तुमच्या फोनवर येईल. ती पुढे धाडण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कोणी पाहिलं आणि दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तपासलं का? यापेक्षा साधं स्पष्टीकरण शक्य आहे का? आणि खुद्द शोध लावणारे किती खात्रीने बोलत आहेत? या तीन प्रश्नांना पुरून उरणारा पुरावा ज्या दिवशी येईल, त्या दिवशी माणसाच्या इतिहासातली सर्वांत मोठी बातमी आपण ऐकत असू. ती ओळखता यावी, यासाठी हे प्रश्न विचारायची सवय आजच लावून घ्या आणि आपल्या मुलांनाही लावा.